केसांची रात्रपाळी

मालिकेतली नायिका सकाळी उठते तेव्हा तिचे केस नुकतेच सेट केल्यासारखे उशीवर पसरलेले असतात. प्रेक्षक त्याला हसतात, आणि दुसऱ्या दिवशी आरशासमोर स्वतःचा चपटा माथा बघून चिडतातही. त्या पसरलेल्या केसांमागची खटपट पडद्यावर दिसत नाही. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सेटवर एक बाई पलंगाच्या कडेला गुडघे टेकून बसलेली असते. काळ्या जाळीत कोंबलेला स्पंजचा गोळा ती नायिकेच्या टाळूखाली सरकवते, वरची बट त्यावरून ओढून घेते, दोन आकडे आत दडवते आणि उरलेले केस बोटांनी उशीवर मोकळे करते. ‘ताई, झालं का?’ असं मागून कोणीतरी ओरडतं. शॉट मिनिटभराचा. त्यात नायिका झोपलेलीही नसते.

या ताई केशभूषेच्या धंद्यात तीसेक वर्षं आहेत. आधी नाटक, मग मालिका, आणि आता मुख्यतः लग्नं. डोंबिवलीत त्यांचं लहानसं पार्लर आहे. तिथे सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न रंगाचा नाही आणि कापण्याचाही नाही. ‘ताई, तुम्ही करून देता तेव्हा केस कसे छान फुगीर दिसतात, पण एक झोप काढली की पार बसतात. काय करू?’ याचं उत्तर त्यांना कोणत्याही कोर्समध्ये मिळालं नाही. कोर्समध्ये केस फुगवायला शिकवतात. ते फुगवलेले केस घेऊन माणसाला झोपायचंही असतं, याचा विचार अभ्यासक्रम करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

पहिला धडा मिळाला तो नाटकाच्या बसमध्ये. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाटक साठच्या दशकातल्या एका कुटुंबाचं, त्यामुळे नायिकेच्या डोक्यावर त्या काळचा उंच पफ हवा. चांगला विग परवडत नव्हता, म्हणजे निर्मात्याला परवडत नव्हता, म्हणून केस नायिकेचेच. दौऱ्यावर असताना रात्रीचा प्रयोग कोल्हापूरला केशवराव भोसले नाट्यगृहात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्यात बालगंधर्वला, असं अनेकदा व्हायचं. सेट भरून बस सुटायला मध्यरात्र उलटायची. पुण्यात पोचून आंघोळी, नाष्टा होईपर्यंत प्रयोगाची वेळ डोक्यावर आलेली. केस उलगडून, धुऊन, वाळवून पुन्हा पफ उभा करायला वेळ कुठला? ताई एकट्या आणि डोकी चार-पाच.

पफ उभा राहतो तो उलट्या कंगव्याने. केसाची बट ताणून धरायची आणि कंगवा टोकाकडून मुळाकडे दाबत न्यायचा. केसाच्या अंगावर घराच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात, त्यांची उतरण मुळाकडून टोकाकडे. कंगवा उलटा फिरला की खवले एकमेकांत अडकतात आणि मुळाशी गुंत्याची गादी तयार होते. वरून एक गुळगुळीत थर फिरवला की झाला पफ. गंमत अशी की ही गादी सरळ दाबली तर लगेच मरत नाही. ती मरते घासण्याने आणि एकाच जागी तासन् तास पडणाऱ्या भाराने. बसमधल्या झोपेत नेमकं हेच दोन्ही होतं. डोकं सीटच्या पाठीवर टेकलेलं, रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला ते इकडून तिकडे घासणार. पहाटे खंबाटकी घाटात बस वळणं घेऊ लागायची तोवर मागचा माथा थाळीगत सपाट झालेला.

ताई तेव्हा वयाने लहान होत्या आणि झोप कमी होती, त्यामुळे अर्धी रात्र त्या इतरांची डोकी बघण्यात घालवत. त्यांच्या लक्षात आलं की सगळ्यांचे केस सारखे बसत नाहीत. सहायक भूमिका करणारी एक वयस्कर नटी पुढच्या सीटवर हात दुमडून त्यावर कपाळ टेकून झोपायची. तिचा अंबाडा सकाळी जसाच्या तसा. नायिका आरामात मागे रेलून झोपायची आणि तिचा पफ जायचा. मग एका दौऱ्यात ताईंनी पंचाची घट्ट गुंडाळी केली, ती नायिकेच्या मानेखाली, कवटी जिथे संपते त्या खोलगट जागी बसवली आणि सीटची पाठ जरा मागे केली. भार मानेवर, माथा हवेत. पहिल्या रात्री नायिका कुरकुरली. पुण्यात उतरल्यावर मात्र पफाला फक्त बाजूने थोपटून स्प्रे मारावा लागला. त्यानंतर पंचा दौऱ्याच्या सामानात आला आणि त्या नाटकाचे प्रयोग बंद होईतो राहिला.

या युक्तीला मोठी वंशावळ आहे हे त्यांना पुष्कळ नंतर, एका मासिकातला फोटो बघून कळलं. जपानमध्ये केसांच्या जुन्या पद्धतीच्या रचना करणाऱ्या स्त्रिया शतकानुशतकं उंच, अरुंद उशीवर झोपत आल्या. खाली लाकडी ठोकळा, वर छोटी गुंडाळी, आणि ती डोक्याखाली नव्हे तर मानेखाली. क्योतोमध्ये गेइशा होण्याचं शिक्षण घेणाऱ्या मुली, ज्यांना माइको म्हणतात, आजही स्वतःच्याच केसांची रचना करवून घेतात आणि ती साधारण आठवडाभर टिकवतात. त्या काळात त्यांना अशा उशीवर झोपावं लागतं. पूर्ण गेइशा झाल्यावर विग वापरता येतो, म्हणजे बढतीबरोबर झोपही मिळते. इजिप्तमध्ये तुतानखामेनच्या थडग्यात, जे १९२२ साली सापडलं, हस्तिदंती मानटेकू निघाले. आफ्रिकेत शोना, लुबा अशा अनेक समाजांत सुरेख कोरीवकाम केलेले लाकडी टेकू वापरत, कारण डोक्यावरची केशरचना करायला कित्येक तास लागत आणि ती एका रात्रीत मोडू देणं कोणालाच परवडणारं नव्हतं.

साठच्या दशकात पाश्चात्त्य स्त्रियांनाही या प्रश्नाला तोंड द्यावं लागलं. १९६० साली शिकागोच्या मार्गारेट विन्सी हेल्ट या केशभूषाकार बाईंनी ‘बीहाइव्ह’ नावाची उंच रचना केली आणि ती जगभर पसरली. आपल्याकडे शर्मिला टागोरच्या १९६७ सालच्या ‘ॲन इव्हनिंग इन पॅरिस’मधल्या केसांनी कित्येक मराठी घरांत मुली आणि आया यांच्यात खटके उडवले असणार. त्या रचना बायका आठवड्यातून एकदा पार्लरमध्ये करवून घेत आणि रात्री जाळी किंवा सॅटिनचा रुमाल बांधून सांभाळत. ताईंच्या नाटकातली नायिका ज्या काळाचा पफ मिरवत होती, त्या काळातल्या बायकाही रात्री तेच करत होत्या.

भार आणि घर्षण इतकंच असतं तर प्रश्न पंचावर सुटला असता. पाणी हा तिसरा शत्रू, आणि तो भेटला रत्नागिरीला.

मे महिन्यातलं लग्न. नवरी मुंबईची, गाव नवऱ्याचं. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन, सकाळी मुहूर्त. संध्याकाळी ताईंनी केलेले मोठे, मुळापासून उचललेले केस सगळ्यांना आवडले. हीच रचना, याच सामानाने, याच हातांनी केलेली, आदल्या आठवड्यात पुण्यातल्या एका लग्नात रात्रभर टिकली होती. इथे जेवणं आटपेपर्यंतच केस उतरायला लागले. त्यात नवरीला उकडत होतं, म्हणून रात्री अकराला तिने डोक्यावरून आंघोळ केली आणि एसी लावून ओल्या केसांनी झोपली. पहाटे चारला ताई खोलीत शिरल्या तेव्हा डाव्या बाजूचे केस कानापासून टाळूपर्यंत डोक्याला चिकटलेले आणि उजवीकडचे भलत्याच दिशेला उभे. कंगवा फिरवला की खाली बसायचे आणि हात काढला की पुन्हा उठायचे.

यामागचं शास्त्र ताईंना एका ग्राहक मुलीने समजावलं. ती रसायनशास्त्र शिकवायची. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याचा आकार मुख्यतः दोन तऱ्हेच्या बंधांनी धरलेला असतो. गंधकाचे बंध पक्के, ते पर्मिंगच्या रसायनांशिवाय सुटत नाहीत. दुसरे हायड्रोजन बंध, जे पाणी लागलं की सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. वाळण्याच्या क्षणी केस ज्या आकारात असतो तो आकार हे बंध धरून ठेवतात. रोलर, ड्रायर, बोटावर गुंडाळून आकड्याने अडकवलेली बट, सगळ्यांचा आधार हाच. ओल्या केसांनी उशीवर झोपणं म्हणजे आठ तास चपटेपणाचं सेटिंग करून घेणं. आणि कोकणातल्या हवेत इतकी वाफ असते की बाहेरून पाणी ओतायचीही गरज नाही. हवाच हळूहळू बंध सोडवत जाते. पुण्याच्या कोरड्या हवेत तसं होत नाही.

रत्नागिरीच्या नवरीचं मग उलट्या दिशेने काम करावं लागलं. केसांवर पाण्याचा फवारा मारून, फक्त मुळं भिजवून, तिला खाली वाकवून डोकं उलटं लटकवलं आणि ड्रायरने मुळं आधी वाळवली. शेवटची दोन मिनिटं थंड हवा. गरम केस अजून लवचीक असतो. तो थंड होईपर्यंत हात काढायचा नाही, हे ताई आता प्रत्येक नव्या मुलीला सांगतात, आणि प्रत्येक नवी मुलगी घाईत तेच विसरते.

त्या दिवसापासून त्यांनी नवरीमुलींना केस संध्याकाळी लवकर धुवायला सांगायला सुरुवात केली. रात्री अंथरुणात शिरताना मुळं हाताला पूर्ण कोरडी लागली पाहिजेत. लांबी जरा दमट असेल तर चालतं, मुळं नाही. कारण फुगीरपणा दिसतो टोकांना, पण असतो मुळाशी, पहिल्या इंचभरात. हा इंच रात्री जसा वागेल तसं सकाळचं डोकं.

मुळं कोरडी झाली की भांग उलटा पाडायचा. रोज डावीकडे भांग असेल तर झोपताना उजवीकडे. केस आपल्या नेहमीच्या वळणाविरुद्ध पडतात, आणि सकाळी भांग जागेवर आणला की मुळाशी आपोआप उठाव येतो. पुढच्या भागात दोन मोठे मऊ स्पंजचे रोलर. वेल्क्रोचे नाहीत, ते झोपेत केसांत रुततात आणि सकाळी नवरीच्या डोळ्यांत पाणी आणतात. बाकीचे केस कपाळाच्या वर, अगदी टाळूच्या टोकावर गोळा करून सैल बुचडा, कापडी रबरात. हा बुचडा इतका वर असतो की पाठीवर किंवा कुशीवर झोपलं तरी उशीला लागत नाही. आरशात तो विनोदी दिसतो. नवऱ्या फोटो काढायला देत नाहीत.

बुचडा सैलच हवा, याबद्दल मात्र ताई कडक आहेत. त्यांच्याकडे भरतनाट्यम शिकणाऱ्या काही मुली येत. लहानपणापासून तो घट्ट अंबाडा, कार्यक्रमाच्या दिवसांत तर रात्रीसुद्धा तसाच. त्यातल्या काहींची कानशिलावरची केसांची रेषा विशीतच मागे सरकलेली दिसली. रोजच्या ओढीने मुळं दमतात आणि काही काळाने त्या जागी केस येणं थांबतं. वेळेत सैल सोडलं तर ते परत येतात, फार वर्षं ओढलं तर येत नाहीत. क्योतोच्या त्या माइकोंच्या टाळूवरही गाठीच्या ओढीने गोल टक्कल पडतं, आणि ते त्या व्यवसायाची खूण म्हणून ओळखलं जातं. फुगीर केसांसाठी केस घालवण्याची ही जुनी रीत आहे.

आता तेल. मराठी घरात हा विषय केसांचा राहत नाही, तो नात्यांचा होतो. नाशिकच्या एका लग्नात रात्री साडेदहाला ताई सगळं बांधून, रोलर लावून, नवरीला झोपवून गेल्या. अकराला नवरीची मावशी खोलीत आली. भाचीच्या डोक्यावर स्पंजच्या त्या नळकांड्या बघून तिला भडभडून आलं. ‘उद्या हिच्या डोक्याचे काय हाल होणार आहेत,’ म्हणत तिने रोलर काढले आणि माका घातलेलं घरचं खोबरेल वाटीभर डोक्यावर जिरवलं. वर चंपी. नवरीला शांत झोप लागली, हेही खरं.

पहाटे ताईंनी दार उघडलं आणि वासावरूनच ओळखलं. पूर्ण न्हाऊ घालायला वेळ नव्हता, पुढे हळद होती. त्यांनी कार्यालयाच्या स्वयंपाकघरातून बेसन मागवलं. टाळू आणि पुढच्या केसांच्या मुळांशी कोरडं बेसन चोळलं, पाच मिनिटं तेल ओढू दिलं, बादलीवर वाकवून तेवढाच भाग शाम्पूने दोनदा धुतला आणि वाळवला. मागच्या तेलकट केसांना त्यांनी हातच लावला नाही. त्यांचा घट्ट खोपा बांधून वर गजरा. तेलाने तो उलट चमकला. मावशी समोरच खुर्चीवर बसून सगळं बघत होत्या, आणि शेवटी म्हणाल्या, ‘बघा, तेल होतं म्हणूनच खोपा असा बसला.’ ताईंनी हो म्हटलं. लग्नघरात मावशीशी वाद घालायचा नसतो.

तसं बघितलं तर मावशी पूर्ण चुकीच्या नव्हत्या. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. अभ्यास करणारे संशोधक खोबरेल विकणाऱ्या मुंबईच्याच कंपनीतले होते हे लक्षात ठेवलं, तरी निष्कर्ष गंभीरपणे घेण्यासारखा आहे. फक्त ते तेल न्हाण्याच्या आधी लावायचं आणि लांबीला लावायचं. रात्रभर मुळांशी ठेवलेलं तेल केसांना जड करतं, आणि ज्यांना कोंडा होतो त्यांचा तो वाढवतं, कारण त्यामागची बुरशी तेलावरच जगते.

उशीच्या अभ्र्याचं प्रकरण त्यामानाने सोपं. सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि केसांच्या खवल्यांना ओढतो. रेशमी किंवा सॅटिनच्या विणीचा कपडा केसांना निसटू देतो. बाजारात ‘सिल्क’ म्हणून स्वस्तात मिळणारे अभ्रे बहुतेक पॉलिस्टरचे असतात. केस त्यावरूनही निसटतात, पण मे महिन्यात डोकं घामेजतं आणि घामाने मुळं ओली झाली की पुन्हा तीच कथा. ताई विरलेल्या रेशमी साडीचा अभ्रा शिवायला सांगतात. न्यू जर्सीहून लग्नासाठी आलेल्या एका मुलीने सॅटिनची टोपी आणली होती. तिच्या कृष्णवर्णीय रूममेटने ती दिली होती. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या घरात ही टोपी पिढ्यान् पिढ्या आहे. मुलीचे केस कुरळे होते, सगळे वर गोळा करून टोपीत घातले आणि सकाळी काढले तर एकही कुरळ मोडलेलं नव्हतं. ताईंनी लगेच मापं घेतली. आता शेजारचा शिंपी त्यांना अशा टोप्या शिवून देतो.

या सगळ्याला एक मर्यादा आहे, आणि ती २०२१मध्ये स्पष्ट झाली. कोविडमुळे पुढे ढकललेली लग्नं पुन्हा सुरू झाली होती. एकामागून एक मुली येत, खुर्चीत बसत आणि पहिल्या कंगव्यातच मूठभर केस निघत. रोज पन्नास ते शंभर केस गळणं नेहमीचं, पण हे वेगळं होतं. मुली अभ्रे बदलत होत्या, बुचडे बांधत होत्या, रडत होत्या. त्वचारोगतज्ज्ञ असलेल्या एका ग्राहक बाईंनी ताईंना सांगितलं की मोठा ताप किंवा बाळंतपण झालं की केसांची बरीच मुळं एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी ते केस एकत्र गळतात. कोविड होऊन गेलेल्यांचं तेच चाललं होतं. मुळं जिवंत असतात, केस परत येतात, पण महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढणाऱ्या केसांना दाट दिसायला अनेक महिने लागतात.

तेव्हापासून ताई पहिल्या भेटीत भांग बघतात. भांग रुंद झालेला असेल, किंवा टाळूची कातडी प्रकाशात चमकत असेल, तर रात्रीच्या युक्त्या सांगतच नाहीत. थायरॉइड, लोह, पाळीची तक्रार, काहीही असू शकतं. आधी डॉक्टरकडे जा, असं सांगतात. असलेले केस रात्री सांभाळता येतात. नसलेले उगवून आणता येत नाहीत. यात काही गिऱ्हाईकं दुखावली आणि समोरच्या पार्लरमध्ये गेली. तिथे त्यांना पाच बैठकींचं पॅकेज मिळालं. लग्नाच्या दिवसापुरतं म्हणाल तर गंगावन आहेच, हल्ली त्याला क्लिप लावून ‘एक्स्टेन्शन’ म्हणून दुप्पट पैसे घेतात. ते मात्र झोपताना काढायचं. क्लिपवर झोपलेल्या मुलीचं सकाळी डोकंही दुखतं आणि मान पण.

लग्नानंतरच्या रात्रीबद्दल कोणी विचारत नाही, पण खरी वाट लागते ती तेव्हा. स्प्रेने चिकट झालेल्या पफात अक्षता अडकलेल्या असतात. कुंकवाने रंगवलेल्या तांदळाचे दाणे मुळांपर्यंत गेलेले. दमलेली मुलगी तशीच झोपते आणि सकाळी गुंता सोडवताना केस तुटतात. ताई पाठवणीच्या आधी मुलीच्या बहिणीला बाजूला घेऊन सांगतात, आधी आकडे मोजून काढ, मग टोकाकडून वर वर विंचर, पाणी अजिबात लावू नकोस. ओला केस कोरड्यापेक्षा लवकर तुटतो.

अलीकडे त्यांच्या दरपत्रकात एक ओळ वाढली आहे: ‘आदल्या रात्रीची तयारी’. कल्याणच्या एका वधुपित्याने ती वाचून चष्मा काढला. ‘म्हणजे हिच्या झोपायचे पैसे?’ ताईंनी रोलर, टोपी, अभ्रा, रात्री साडेनऊला येणं आणि पहाटे चारला पुन्हा येणं, असा सगळा हिशेब मांडला. आतून मुलीची आई म्हणाली, ‘द्या हो. बँडवाल्याला विचारलंत का कसले पैसे म्हणून?’ पाचशे कमी झाले. लग्न आटपल्यावर ताईंनी रोलर मोजून परत घेतले, कारण कार्यालयात गेलेला रोलर कधी परत येत नाही.